औदुंबर : संकल्प दत्तजयंतीला, लागवड गुरुपौर्णिमेला

।। श्री गुरुदेव दत्त ।।

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष लागला की दरवर्षी एकच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. "दत्तजयंतीला औदुंबर लावायचाय. रोप कुठून आणू? कुठं लावू?" विचारणाऱ्याचा भाव खरा असतो. घरात श्रीगुरुचरित्राचा सप्ताह चालू असतो, औदुंबराचा महिमा नुकताच वाचनात आलेला असतो, आणि आपल्या हातून एक तरी झाड लागावं असं मनापासून वाटत असतं. छत्रपती संभाजीनगरात मंदिरांच्या आवारातली झाडं बघण्याचं काम मी आवडीनं करतो, म्हणून लोक मला विचारतात. मी सांगतो, "संकल्प आज करा, रोप मात्र आषाढात लावा." काहींना हे रुचत नाही. दत्ताचं झाड दत्ताच्या दिवशी लावायचं नाही, हे काय बोलणं झालं? म्हणून कारणांसकट हा विषय या अंकात मांडतो आहे.

श्रीगुरूंनी काय करायला सांगितलं?

श्रीगुरुचरित्राच्या एकोणिसाव्या अध्यायात औदुंबराचा महिमा आहे. हिरण्यकश्यपूला विदारल्यावर नृसिंहाच्या नखांचा दाह औदुंबराच्या फळांनी शमवला, ती कथा आपल्याला पाठ असते. चाळिसाव्या अध्यायातली कथा आपण वाचतो खरी, पण तिच्यातलं काम फारसं मनावर घेत नाही. कुष्ठानं पीडित नरहरी गाणगापुरी येतो. श्रीगुरू त्याला औदुंबराचं वाळलेलं लाकूड देतात, संगमावर रोवायला सांगतात आणि पाणी घालायला सांगतात. तो घालत राहतो. लोक हसतात, वाळल्या लाकडाला कधी पालवी फुटते का म्हणतात, गुरूंच्या कानावर घालतात. याचं पाणी थांबत नाही. शेवटी श्रीगुरू कमंडलूतलं तीर्थ शिंपडतात आणि पालवी फुटते.

पालवी फुटणं ही गुरूंची कृपा. शिष्याच्या वाट्याला आलेलं काम एकच होतं, रोज पाणी घालणं. रोवण्याचा विधी एका दिवसाचा, सेवा पुढची. आपल्या हातात तर वाळलेलं लाकूडही नाही, जिवंत रोप आहे. परीक्षा कितीतरी सोपी आहे. तरीही दत्तजयंतीला थाटानं लावलेली रोपं पुढच्या अक्षय्यतृतीयेला काडीसारखी उभी दिसतात. कारण आपण रोवण्याचा दिवस साजरा केला आणि पाणी कोण घालणार हे ठरवलंच नाही.

मार्गशीर्षात का नको?

आपल्या भागात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात येऊन जातो. मार्गशीर्षात जमिनीतली ओल उतरणीला लागलेली असते. थंडीत मुळांची वाढ मंदावते. पिशवीतून काढलेलं रोप नव्या मातीत मुळं पसरवण्याआधीच फाल्गुन येतो. मग चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, आणि तेव्हाही त्याची मुळं पिशवीएवढ्या गोळ्यातच असतात.

तेच रोप आषाढात, गुरुपौर्णिमेच्या सुमाराला लावलं, तर पुढचे तीन महिने आभाळच पाणी घालतं. मुळं सगळ्या खड्ड्यात पसरतात आणि पहिल्या उन्हाळ्याला सामोरं जायला झाडाच्या पायाखाली काहीतरी असतं. गुरुपौर्णिमा हाही आपलाच सण. दत्तजयंतीला जागा ठरवावी, पाण्याच्या पाळ्या लावाव्यात, चैत्रात खड्डा खणावा आणि गुरुपौर्णिमेला रोप लावावं. या क्रमात श्रद्धेला कुठेच उणेपणा येत नाही.

हे झाड पाण्याचं आहे

औदुंबर, नृसिंहवाडी, गाणगापूर ही आपली स्थानं आठवा. पहिलं कृष्णेकाठी, दुसरं कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, तिसरं भीमा-अमरजेच्या. उंबर हा मुळात नदीकाठचा, ओढ्याकाठचा वृक्ष. वराहमिहिरानं बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी ओळखण्यासाठी जी झाडं सांगितली आहेत त्यांत उंबरही आहे. आपल्या खेड्यांतली जुनी माणसं विहिरीची जागा बघताना आजही उंबराकडे नजर टाकतात.

आपला मुलूख मात्र बेसाल्टच्या खडकाचा. डोंगरउतारावर वीत-दोन वीत माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण. पैठणकडे गोदाकाठी उतरलं की खोल काळी जमीन. शहराला पिण्याचं पाणी नाथसागरातून येतं आणि नळाला ते रोज येत नाही, हे शहरवासीयांना सांगायला नको. अशा गावात नदीकाठचं झाड वाढवायचं म्हणजे नदीचं काम काही वर्षं आपण करायचं. त्याची तयारी असेल तरच हात घालावा.

उंबराला सदाहरित म्हणतात ते पाण्याच्या जागी खरं आहे. ओल असलेल्या ठिकाणी जुनं पान गळायच्या सुमारालाच नवं येतं आणि झाड कधी उघडं दिसत नाही. कोरड्या जागी थंडी सरता सरता पानं पिवळी होऊन झडतात आणि काही दिवस फांद्या मोकळ्या होतात. तेवढ्यात "औदुंबर वाळला, काहीतरी दोष झाला" अशी कुजबुज सुरू होते. घाबरू नये. नखानं कोवळ्या फांदीची साल जराशी खरवडून पाहावी. आत हिरवं असेल आणि चीक आला, तर झाड जिवंत आहे. थोड्याच आठवड्यांत तांबूस-पोपटी पालवी येते.

रोप कसं निवडावं?

पहिली गोष्ट, ते उंबराचंच आहे ना हे पाहावं. भुईउंबराचं रोपही कधी कधी औदुंबर म्हणून हाती पडतं. त्याची पानं खरखरीत असतात आणि देठाशी समोरासमोर जोडीनं येतात. औदुंबराचं पूर्ण वाढलेलं पान हाताला गुळगुळीत लागतं आणि फांदीवर एकाआड एक येतं.

रोप तीन वाटांनी मिळतं. पक्ष्यांनी पेरलेलं रोप जुन्या वाड्याच्या भिंतीत, विहिरीच्या कठड्यात उगवतं. तिथं ते वाढू दिलं तर भिंत जाते, आणि उपटून टाकायला मन धजत नाही. अशी लहान रोपं भर पावसाळ्यात, मुळांना धक्का न लावता सोडवून पिशवीत लावावीत. दुसरी वाट बियांची. पिकलेलं फळ पाण्यात कुस्करावं, तळाशी बसलेलं बारीक बी वाळू आणि शेणखताच्या मिश्रणावर नुसतं भुरभुरावं, वर माती टाकू नये. उजेड आणि सतत ओल असली की दोन-चार आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. तिसरी वाट फाटे कलमाची. फाल्गुनात पालवी फुटण्याआधी किंवा पावसाच्या सुरुवातीला अंगठ्याएवढी जाड, दीड फूट लांब फांदी घ्यावी, चीक धुऊन टाकावा आणि तिसरा हिस्सा मातीत जाईल अशी पिशवीत लावावी. बियांच्या रोपाचं मूळ अधिक खोल जातं, म्हणून कोरड्या जागेसाठी मी तेच पसंत करतो.

लागवडीसाठी तीन-चार फुटांचं, खोड करंगळीहून जाड झालेलं रोप घ्यावं. पिशवीच्या बुडातून मुळं बाहेर येऊन गुंडाळलेली असतील तर ते घेऊ नये.

जागा

घराच्या भिंतीपासून, विहिरीपासून, पाण्याच्या टाकीपासून आणि शौचालयाच्या खड्ड्यापासून निदान तीस फूट अंतर ठेवा. वर विजेच्या तारा नकोत. आज काठीएवढं दिसणारं रोप पुढे चाळीस-पन्नास फुटांचा पसारा धरतं. जागा चुकली, की मग करवतीची पाळी येते. शहरात तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडताही येत नाही.

सिडको-हडकोतल्या छोट्या प्लॉटवर राहणाऱ्यांनी अंगणात औदुंबर लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पारायणापुरता कुंडीत दोन-तीन वर्षं सांभाळावा, मग मंदिराच्या मोकळ्या आवारात, गावच्या गायरानात किंवा ओढ्याकाठी नेऊन लावावा. अंगणात सावलीसाठी सदाहरित झाड हवंच असेल तर बकुळ लावा. ती सावकाश वाढते, आटोपशीर राहते आणि फुलं देवाला वाहता येतात.

मंदिरात जागा निवडताना पावसाचं पाणी कुठं वाहत येऊन थबकतं ते बघा. सभामंडपाच्या पत्र्याचं किंवा हौदाच्या सांडव्याचं पाणी त्या बाजूला वळवता आलं, तर अर्धं काम झालं. काळ्या जमिनीत मात्र पाणी साचून राहणारा खळगा नको. तिथं मुळं कुजतात.

खड्डा आणि लागवड

चैत्र-वैशाखात तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून उन्हात तापू द्यावा. मुरूम लागला तर पहारीनं तळ आणखी फोडावा, नाहीतर मुळं तिथंच गुंडाळतात. वरची चांगली माती, दोन-तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड एकत्र करून ज्येष्ठात खड्डा भरावा. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर वाळवीला आमंत्रण मिळतं. काळी माती फार चिकट असेल तर तिच्यात थोडा मुरूम मिसळावा.

पाऊस स्थिरावल्यावर रोप लावावं. पिशवी फाडून काढावी. ती तशीच पुरलेली मी कितीतरी ठिकाणी पाहिली आहे. पिशवीतली मातीची पातळी आणि जमिनीची पातळी एक ठेवावी, खोड खोल गाडू नये. शेजारी काठी रोवून सैल बांधावं. उंबराचा पाला गुरं-शेळ्या आवडीनं खातात, तेव्हा भोवती जाळी किंवा काटेरी कुंपण पहिल्या दिवसापासून हवं.

तांब्यांचा हिशेब

आता मुख्य सेवा. पहिल्या उन्हाळ्यात, फाल्गुन ते ज्येष्ठ, एका रोपाला दर तिसऱ्या दिवशी १५ लिटर पाणी द्यावं. चार महिन्यांचे साधारण ४० वेळा धरले तर ६०० लिटर होतात, म्हणजे २०० लिटरचे तीन ड्रम. पाणीटंचाईच्या शहरातही एका मंदिराला हे जड नाही.

अडचण प्रमाणाची नसून वाटणीची आहे. गुरुवारी आरतीला शंभर माणसं येतात आणि प्रत्येक जण एक तांब्या ओततो. त्या दिवशी रोपाभोवती चिखल होतो. शुक्रवार ते बुधवार कुणी फिरकत नाही. झाडाला शंभर तांबे एका दिवशी नको असतात, पंधरा तांबे दर तिसऱ्या दिवशी हवे असतात. म्हणून फळ्यावर पाळ्या लिहा, एका घराकडे एक वार. गुरुवारी जमलेलं पाणी बाजूच्या ड्रममध्ये साठवा आणि तेच आठवडाभर पुरवा. तांब्या वाहणाऱ्याचं पुण्य कमी होत नाही.

पाणी कमी असेल तर मडक्याची जुनी रीत उत्तम. आठ-दहा लिटरच्या मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती वात ओवावी, रोपापासून दीड फुटावर मडकं गळ्यापर्यंत पुरावं, भरून वर झाकण ठेवावं. पाणी थेट मुळांजवळ झिरपतं, उन्हानं उडून जात नाही. भोवती वाळल्या पाचोळ्याचा चार बोटं जाड थर द्यावा, खोडाला मात्र चिकटू देऊ नये. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी आणि तिसऱ्यात पंधरवड्याला एकदा. चौथ्या वर्षी झाड बहुधा आपलं आपण पाणी शोधू लागतं.

काय घालू नये तेही सांगतो. दूध, पंचामृत, साखर, तेल मुळांशी ओतू नये. मुंग्या आणि बुरशी येते, मातीत हवा खेळत नाही. अभिषेक पादुकांवर करावा आणि ते तीर्थ प्रसाद म्हणून घ्यावं. घरातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं टाकाऊ पाणी क्षारयुक्त असतं, कोवळ्या रोपाला ते रोज देऊ नये. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं.

मोठ्या झाडाची सेवा

लहान रोपं तहानेनं जातात, आणि मोठे औदुंबर आपल्या भक्तीच्या ओझ्याखाली खंगतात. हे बोलणं कठोर आहे, पण मंदिरांच्या विश्वस्तांनी मनावर घ्यावं असं आहे.

पार बांधताना सिमेंट, फरशी अगदी खोडाला भिडवतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती बंद झाली की झाड एकदम मरत नाही. आधी शेंडे वाळतात, पानं लहान येतात, आणि काही वर्षांनी एखाद्या वादळात फांदी कोसळते. खोडाभोवती निदान पाच फूट माती मोकळी ठेवा. फरशी घातलीच असेल तर तेवढी उखडून काढा, हलक्या हातानं कुदळून शेणखत मिसळा. प्रदक्षिणेची वाट त्या वर्तुळाच्या बाहेरून न्या आणि तिथं सांधे मोकळे सोडून दगड बसवा.

खोडाच्या ढोलीत दिवा, कापूर, उदबत्ती लावू नये. साल भाजली की तिच्याखालचा अन्नरस वाहणारा थर मरतो. दीपमाळ सहा-सात फुटांवर ठेवा. फोटो, घंटा, दिव्यांच्या माळा यांसाठी खिळे ठोकू नयेत. सूत गुंडाळायचं तर सुतीच असावं, नायलॉनची दोरी खोडात रुतते. समिधांसाठी गळालेल्या काटक्या गोळा कराव्यात, ओल्या फांद्या मोडू नयेत.

फळं, किडे आणि पाखरं

खोडावर आणि जाड फांद्यांवर उंबरांचे घोस लटकतात, खाली सडा पडतो, माश्या येतात. मग कुणीतरी फवारणी सुचवतो. कृपा करून करू नका. उंबराचं फूल दिसत नाही म्हणून दुर्मीळ माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. ते फूल फळाच्या आतच असतं, एक नव्हे शेकडो. एक अगदी चिमुकली गांधीलमाशी तोंडाच्या बारीक छिद्रातून आत शिरते, शिरताना तिचे पंख गळतात. ती आतल्या फुलांना पराग देते, अंडी घालते आणि तिथंच संपते. तिची पुढची पिढी पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे जाते. उंबर फोडल्यावर दिसणारे किडे म्हणजे नासाडी नव्हे. त्यांच्यावाचून उंबरात बीच धरणार नाही.

आणि उंबर वर्षातून अनेकदा फळतो. रानात इतर झाडांवर काही नसतं तेव्हाही तांबट, कोकीळ, बुलबुल, वटवाघळं आणि आपला राज्यपक्षी हरियाल यांना तो पोसतो. सडा रोज झाडून खड्ड्यात टाकावा, उत्तम खत होतं.

पानांवर फोड येतात ते एका बारीक किडीमुळे. दिसायला वाईट, पण झाड दगावत नाही. लहान रोपावर असतील तर तेवढी पानं तोडून नष्ट करावीत. कोवळ्या शेंड्यावर पांढरा ढेकण्या आला तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारावं.

वर्षाचा क्रम

मार्गशीर्ष : दत्तजयंतीला संकल्प, जागेची निवड, पाण्याच्या पाळ्या.
फाल्गुन : फाटे कलमं, आधीच्या रोपांचं उन्हाळी पाणी सुरू.
चैत्र-वैशाख : नवे खड्डे, रोपांना पश्चिमेकडून गोणपाटाची सावली.
ज्येष्ठ : खड्डे भरणं.
आषाढ : गुरुपौर्णिमेला लागवड.
भाद्रपद-आश्विन : तण काढणं, आळं नीट करणं, शेणखत.
कार्तिक : पाचोळ्याचा थर, कुंपणाची डागडुजी.

अवधूतांचा गुरू

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतानं चोवीस गुरू सांगितले. पहिला गुरू पृथ्वी, आणि तिच्याच सोबतीनं वृक्षाकडून दुसऱ्यासाठी जगण्याचा धडा घेतल्याचं तिथं आहे. याच स्कंधावर नाथमहाराजांनी एकनाथी भागवत रचलं. ते नाथ आपल्याच मातीतले. पैठणचे सुपुत्र, देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे शिष्य, आणि परंपरेनुसार खुलताबादजवळच्या शूलिभंजनच्या डोंगरावर तप केलेले. त्यांनी रचलेली दत्ताची आरती आपण रोज म्हणतो. ज्या भूमीत असे गुरू-शिष्य झाले, तिथं वृक्षाला गुरू मानायचं तर त्याला पाण्यावाचून उभं ठेवता येणार नाही.

तेव्हा यंदा दत्तजयंतीच्या पाळण्यानंतर आपल्या मंदिराच्या आवारात एक फेरी मारा. गेल्या दोन-तीन वर्षांत लावलेल्या औदुंबरांपैकी किती उभे आहेत ते मोजा. जो तहानलेला दिसेल त्याची पाळी आपल्या नावावर लिहून घ्या. नवं रोप आषाढात येईलच, आधी जुन्याला फाल्गुन पार करू द्या.

।। अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ।।